इंग्रजी स्लँग आणि वाक्प्रचार: ऑनलाइन शब्दकोश शिकणाऱ्याच्या किती कामाचे?

व्याकरण पक्के असलेला आणि इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारा माणूसही दोन इंग्रजी भाषकांच्या मोकळ्या गप्पा ऐकताना अडखळतो, कारण तिथे ओळखीचेच शब्द भलत्याच कामाला जुंपलेले असतात. ‘स्पिल’ म्हणजे सांडणे आणि ‘बीन्स’ म्हणजे शेंगांचे दाणे हे ठाऊक असले, तरी ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे हे त्यावरून ताडता येत नाही. अशा वेळी मदतीला येणारे ऑनलाइन शब्दकोश आज उदंड झाले आहेत. त्यांपैकी जे मी सातत्याने वापरतो, त्यांचे हे परीक्षण आहे.

अर्थ तर सगळेच कोश सांगतात, त्यामुळे केवळ अर्थ मिळतो की नाही एवढ्यावरून त्यांच्यात डावे-उजवे करता येत नाही. परकी भाषा शिकणाऱ्याची गरज त्यापुढे सुरू होते. हा प्रयोग आजही बोलला जातो की मागच्या पिढीबरोबर मागे पडला, तो ब्रिटनमध्ये चालतो की अमेरिकेत, वरिष्ठांसमोर उच्चारला तर भुवया उंचावतील का आणि वाक्यात तो नेमका कसा बसवायचा, हे त्याला हवे असते. इंग्रजी जन्मभाषा असलेल्याला यातले पुष्कळसे न सांगता कळते, म्हणून त्याच्यासाठी रचलेले कोश या बाबतीत बरेचदा हात आखडता घेतात. ‘पिस्ड’ हा शब्द घ्या. ब्रिटनमध्ये तो झिंगलेल्या माणसाला लावतात आणि अमेरिकेत संतापलेल्या. शिवाय दोन्हीकडे तो सभ्य बोलण्याच्या काठावरचा आहे. यांतला एकच अर्थ पाठ करून ठेवणारा माणूस कधीतरी हात दाखवून अवलक्षण करून घेणारच.

या कसोटीला सर्वांत चांगले उतरतात ते लर्नर्स डिक्शनरी म्हणून ओळखले जाणारे कोश, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच रचलेले कोश. या परंपरेतले महत्त्वाचे नाव ए. एस. हॉर्नबी यांचे. हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असत, आणि त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ नावातच वाक्प्रचार आणि वाक्यरचना या दोहोंचा उल्लेख होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते: शिकणारा नेमका कुठे अडतो, हे वर्गात उभे राहून शिकवणाऱ्याला ठाऊक होते. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो काढला आणि त्याचाच वंश आज ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज’ या संकेतस्थळावर नांदतो आहे.

या संकेतस्थळावर ‘किक द बकेट’ शोधले, तर अर्थ म्हणून ‘मरणे’ एवढेच मिळते. कोशाचे कसब त्या अर्थाच्या आधी दिलेल्या छोट्याशा शेऱ्यात आहे; हा प्रयोग अनौपचारिक किंवा विनोदी आहे, असे तो शेरा बजावतो. तो शेरा नजरेआड करून केवळ अर्थ उचलणारा माणूस सांत्वनाच्या पत्रात हा वाक्प्रचार घालून मोकळा होईल आणि त्याच्या हातून काय घडले हे त्याला कोणी सांगणारही नाही. ऑक्सफर्डच्या या कोशात वाक्प्रचार मुख्य शब्दाच्या नोंदीच्या शेवटी वेगळ्या गटात येतात. त्यामुळे लांबलचक क्रियापदाच्या नोंदीत, उदाहरणार्थ ‘गेट’ किंवा ‘टेक’खाली, हवा तो वाक्प्रचार सापडेपर्यंत बोट बरेच खाली सरकवावे लागते. ‘केंब्रिज डिक्शनरी’ने ही अडचण चांगली सोडवली आहे. तिथे बहुतेक वाक्प्रचारांना स्वतंत्र पान आहे, ब्रिटिश आणि अमेरिकी वापर वेगळा दाखवला जातो आणि पुष्कळ शब्दांच्या अर्थांपुढे भाषेचे ज्ञान मोजणाऱ्या युरोपीय चौकटीतली, ए-१ (प्राथमिक) पासून सी-२ (सर्वोच्च) पर्यंतची पातळीही दिलेली असते. एकाच शब्दाचा सोपा अर्थ प्राथमिक पातळीवर आणि लाक्षणिक अर्थ वरच्या पातळीवर, अशी विभागणी त्यातून दिसते; आपण अडलो ते स्वाभाविकच होते, असा दिलासा त्यातून मिळतो, हा अनपेक्षित फायदा.

तरीही वाक्प्रचारांपुरता कौल द्यायचा झाला, तर माझा कौल कॉलिन्सच्या संकेतस्थळावरच्या कोबिल्ड कोशाला आहे. हा कोश बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लिहिल्या-बोलल्या गेलेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरायचा आणि त्यातून शब्द कसा वागतो ते पाहून नोंद लिहायची, ही त्याची पद्धत. त्याहून मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिथे अर्थ पूर्ण वाक्यात येतो. एखाद्या उद्योगपतीला किंवा राजकारण्याला तुम्ही ‘फॅट कॅट’ म्हणता, तेव्हा तो आपला पैसा आणि सत्ता ज्या रीतीने वापरतो ती तुम्हाला पसंत नसते, अशा थाटाची ती व्याख्या असते. एका वाक्यात किती गोष्टी पदरात पडतात ते पाहा: हा शब्द कोणाला लावतात, कोण लावतो आणि लावणाऱ्याच्या मनात काय असते. त्याशिवाय ‘नापसंती’ असा वेगळा शेराही असतो. बोलणाऱ्याची पसंती, नापसंती, विनय, ठासून सांगणे या गोष्टी नोंदवणारे असे शेरे मला इतरत्र इतक्या नेमाने दिसलेले नाहीत आणि परभाषिकाला हीच माहिती अर्थाइतकीच लागते. ‘श्रीमंत माणूस’ एवढाच अर्थ लक्षात ठेवून कोणी एखाद्या यजमानाला कौतुकाने ‘फॅट कॅट’ म्हणाला, तर पुढचे संभाषण फार काळ चालणार नाही.

लाँगमनच्या कोशाबद्दल थोडक्यात सांगायचे तर १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिल्या जातात. एका कठीण शब्दाचा अर्थ पाहायला जावे आणि त्या अर्थात आणखी दोन कठीण शब्द भेटावेत, हा त्रास त्यामुळे टळतो. इंग्रजी अजून कच्चे असेल, तर सुरुवात इथून करावी.

या सगळ्या कोशांविषयी माझी एक रास्त तक्रार आहे. वाक्प्रचार किती वाकवता येतो, हे ते क्वचितच उघडपणे सांगतात. ‘स्पिल द बीन्स’चा कर्मणी प्रयोग करता येतो, गुपित फुटले अशा अर्थाने ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ असे म्हटलेले खपून जाते. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटले, की मृत्यूचा अर्थ उडून जातो आणि मागे उरते लाथाडलेली खरीखुरी बादली. जेफ्री ननबर्ग, आयव्हन सॅग आणि थॉमस वॅसो या अभ्यासकांनी १९९४ च्या एका गाजलेल्या लेखात याचे कारण मांडले आहे. पहिल्या वाक्प्रचारात सांडण्याला उघड करण्याचा आणि दाण्यांना गुपितांचा अर्थ वाटून देता येतो, तर दुसऱ्यात लाथ आणि बादली यांच्यात मरणाची अशी वाटणी होतच नाही. ही माहिती एका लहानशा शेऱ्यात मावण्यासारखी आहे. कोशातली उदाहरणवाक्ये कधीकधी ती सुचवतात, पण सुचवलेले ओळखायला आधी शंका यावी लागते, आणि शिकणाऱ्याला ती येत नाही.

कोशांइतकीच लोकप्रिय झालेली दुसरी सेवा म्हणजे रोज एक वाक्प्रचार शिकवणारी ॲप्स. असे एक ॲप मी काही काळ वापरले आणि काढून टाकले. त्याच्या पहिल्याच धड्यात धो-धो पावसासाठी ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आले, तेही कोणत्याही शेऱ्याशिवाय, जणू प्रत्येक इंग्रज पावसाळी दिवशी हेच म्हणतो. भाषेच्या मोठ्या साठ्यांवर काम करणाऱ्या कोशकारांच्या लक्षात फार पूर्वीच आले होते, की हा वाक्प्रचार किंवा ‘किक द बकेट’ यांचा बोलबाला जितका आहे तितका त्यांचा प्रत्यक्ष वापर नाही. वाक्प्रचार म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी ही उदाहरणे पुस्तकातून पुस्तकात जातात आणि म्हणून प्रसिद्ध राहतात. याउलट ‘कट कॉर्नर्स’ (काम कसेबसे उरकणे), ‘ऑन द फेन्स’ (कोणतीच बाजू न घेणे) किंवा ‘द बॉटम लाइन’ (मुख्य मुद्दा) यांसारखे रंगहीन प्रयोग बैठकांत आणि बातम्यांत सतत कानावर पडतात, पण त्यांचे चित्र काढता येत नाही म्हणून ॲपला त्यांचे आकर्षण नसते. खेळांतून आलेल्या वाक्प्रचारांचेही तसेच. क्रिकेट समजणाऱ्याला ‘ऑन द बॅक फूट’ किंवा ‘स्टिकी विकेट’ कोशावाचूनही उमगेल. पण अमेरिकी बोलण्यातले ‘बॉलपार्क फिगर’ (ढोबळ आकडा) किंवा ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ (अगदी अनपेक्षितपणे) बेसबॉलमधून आलेले असल्याने तिथे अंदाज चालत नाही. कोणता प्रयोग कुठल्या देशातला हे चांगला कोश सांगतो. त्या ॲपला दोन्ही सारखेच होते.

स्लँगकडे, म्हणजे एखाद्या गटात किंवा पिढीत चालणाऱ्या अनौपचारिक शब्दांकडे वळले, की लर्नर्स डिक्शनरींची चाल मंदावते, आणि ते साहजिक आहे. शब्द टिकतो की नाही हे पाहूनच संपादक त्याला दार उघडतात. तोपर्यंत तरुण मंडळी पुढच्या शब्दाकडे गेलेली असतात. ‘रिझ’ (दुसऱ्याला भुरळ पाडण्याची हातोटी) हा शब्द ऑक्सफर्डने २०२३ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला, तेव्हा तो समाजमाध्यमांवर चांगलाच रुळलेला होता. मधल्या काळात ज्याला तो अडला त्याने जायचे कुठे, याचे बहुतेकांचे उत्तर ‘अर्बन डिक्शनरी’ हेच असते.

अर्बन डिक्शनरी १९९९ मध्ये ॲरन पेकम यांनी कॅलिफोर्नियात विद्यार्थी असताना सुरू केली, तीही रूढ शब्दकोशाची थट्टा म्हणून. तो थट्टेचा सूर आजतागायत गेलेला नाही आणि हे ध्यानात ठेवूनच तिथे पाऊल टाकावे. कोणीही टोपणनावाने व्याख्या लिहू शकतो. वाचक अंगठा वर किंवा खाली करून मत देतात आणि एका शब्दाखाली अशा अनेक व्याख्यांची चळत लागते. मते मिळतात ती पुष्कळदा हशा पिकवणाऱ्या व्याख्येला. बिनचूक पण नीरस व्याख्या खाली दबून राहू शकते. मित्रमैत्रिणींच्या नावांवर लिहिलेल्या लाडिक किंवा खोचक नोंदी, निव्वळ किळस आणण्यासाठी रचलेले अश्लील प्रयोग, विशिष्ट समाजांबद्दलचा उघड द्वेष, हे सगळे तिथे खऱ्या शब्दांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते. जन्माने इंग्रजी बोलणारा यातला खरा शब्द आणि पिकवलेली गंमत चटकन वेगळी काढतो. शिकणाऱ्याजवळ ती चाळणी नसते, म्हणून हे संकेतस्थळ नवख्याच्या हाती सरसकट द्यावे असे मला वाटत नाही.

मग ते टाळावे का? तसेही नाही. अमेरिकेतल्या काही न्यायालयांनीही स्लँगचा अर्थ लावताना त्याचा हवाला दिलेला आहे, यावरून त्या ढिगाऱ्यात काहीतरी हाती लागते एवढे खरे. फक्त ते वाचण्याची रीत वेगळी आहे. मी तिथली पहिली व्याख्या कधीच प्रमाण मानत नाही. प्रत्येक व्याख्येखाली लिहिणाऱ्याचे टोपणनाव आणि तारीख असते. निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या नावांनी लिहिलेल्या व्याख्या जर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतील, तर तो शब्द खरोखर वापरात आहे असे धरायला हरकत नाही. एकच व्याख्या असेल, ती फार चुरचुरीत असेल आणि तिच्यातले उदाहरणवाक्य ओढूनताणून आणलेले वाटत असेल, तर तो शब्द बहुधा लिहिणाऱ्याच्या मित्रमंडळाबाहेर पडलेला नाही. सगळ्या तारखा पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या असतील, तर शब्द खरा असला तरी शिळा झाला असण्याची शक्यता मोठी. आणि शिळे स्लँग बोलणारा माणूस स्लँग न बोलणाऱ्यापेक्षा जास्त अवघडलेला दिसतो. म्हणून तिथून अर्थ घ्यावा, बोलण्यासाठी शब्द उचलू नये.

याच क्षेत्रात अगदी दुसऱ्या टोकाला ‘ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग’ आहे. जोनथन ग्रीन या कोशकाराने अनेक वर्षे खपून तयार केलेला हा कोश २०१० मध्ये तीन खंडांत छापला गेला आणि २०१६ पासून ऑनलाइन उपलब्ध आहे. सुमारे पाचशे वर्षांचे इंग्रजी स्लँग त्यात साठवलेले आहे. यातला प्रत्येक अर्थ साधार असतो: कोणत्या साली, कोणत्या देशात, कोणत्या लिखाणात शब्द आला त्याची अवतरणे कालक्रमाने लावलेली असतात. ‘ड्यूड’ या शब्दाचा प्रवास या पद्धतीने पाहण्यासारखा आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत हा शब्द कपड्यालत्त्याच्या नखऱ्यात बुडालेल्या छानछोकी माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाई. मग गुराख्यांच्या प्रदेशात येणाऱ्या शहरी पाहुण्याला तो चिकटला आणि हळूहळू कोणत्याही पुरुषाला, पुढे तर कोणालाही, मैत्रीत हाक मारण्याइतका तो सैल झाला. अवतरणांच्या तारखा वाचत गेले, की हिणवणे कधी विरले आणि सलगी कधी आली ते डोळ्यांसमोर घडताना दिसते. जुन्या कादंबऱ्या किंवा जुने चित्रपट मुळातून समजून घेणाऱ्याला याच्या तोडीचे साधन माझ्या माहितीत दुसरे नाही.

पण हा कोश नवशिक्याचा नव्हे. व्याख्या संक्षिप्त आहेत, संक्षेपचिन्हांची सवय व्हावी लागते, उच्चार ऐकण्याची सोय अपेक्षू नये, आणि हा शब्द आज माझ्या वयाच्या परक्या माणसाने बोलावा का, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. शेवटच्या अवतरणाचे साल पाहून शब्द अजून जिवंत आहे का याचा अदमास आपणच घ्यायचा. शब्द खोटा तर नाही ना, ही शंका मात्र तो कायमची मिटवतो. म्हणून अर्बन डिक्शनरीत भेटलेल्या संशयास्पद शब्दाची उलटतपासणी मी इथेच करतो.

२००२ पासून चालू असलेली ‘विक्शनरी’ या दोघांच्या मधोमध बसते. तीही वाचकांनीच लिहिलेली आहे, पण तिथे पुराव्याचा आग्रह आहे आणि अनौपचारिक, कालबाह्य, अपमानकारक असे शेरेही असतात. नोंदींचा दर्जा शब्दागणिक बदलतो. एखादी नोंद अप्रतिम, शेजारची अर्धवट.

आता पुष्कळ जण कोश उघडतच नाहीत. सरळ एआय चॅटबॉटला विचारतात. संपूर्ण संवाद समोर ठेवून ‘इथे हा माणूस टोमणा मारतो आहे का?’ असे विचारता येणे ही मोठीच सोय आहे. कोणताही कोश ती देऊ शकत नाही. मात्र वाक्प्रचाराची व्युत्पत्ती विचारली, की हे साधन एखादी रंगतदार पण निराधार कथा तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते, आणि खलाशी, सैनिक, जुन्या शिक्षा यांच्या अशा कथा इंटरनेटवर आधीच पोत्याने पडलेल्या असल्यामुळे खरे-खोटे वेगळे करणे अवघड जाते. उत्पत्तीच्या बाबतीत तारखेचे अवतरण दाखवणाऱ्या कोशावरच भिस्त ठेवावी.

शेवटी ज्याला शब्दकोश म्हणता येणार नाही असे एक साधन राहते: ‘यूग्लिश’. एखादा शब्द किंवा आख्खा वाक्प्रचार टाइप केला, की तो जिथे उच्चारला गेला आहे त्या नेमक्या क्षणापासून यूट्यूबवरचे व्हिडिओ एकामागून एक सुरू होतात. खाली बोललेले वाक्य लिहून येते आणि ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन असे उच्चार निवडता येतात. निवडलेल्या देशाचे व्हिडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, तर तो प्रयोग तिकडे फारसा चालत नसावा असा तर्क करता येतो. उपशीर्षके (सबटायटल्स) असलेल्याच व्हिडिओंत शोध होत असल्यामुळे भाषणे, मुलाखती आणि व्याख्याने भरपूर मिळतात, मित्रांच्या टवाळक्या कमी. त्यामुळे ताज्या स्लँगसाठी त्याचा उपयोग बेताचाच. वाक्प्रचारांसाठी मात्र ते कोशांची उणीव भरून काढते. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ याचा कोशातला अर्थ वाचला, तर तो आदराचा प्रयोग वाटू शकतो. तोच इथे निरनिराळ्या लोकांच्या तोंडून ओळीने ऐकावा: आवाज किंचित खाली येतो, शब्द सावकाश पडतात आणि लगेच पुढच्या वाक्यात समोरच्याचे म्हणणे खोडून काढले जाते.